दुसऱ्या ओळीच्या शोधात अकोला

माझ्या उभ्या हयातीत मी एकच गाणं लिहिलं, आणि त्यापायी माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मोडायची वेळ आली.

तेव्हा मी अमरावतीला एका शाळेत मास्तर होतो आणि कवी होतो. पहिली गोष्ट शाळेच्या दप्तरात लिहिलेली होती. दुसरी मी स्वतःच लोकांना सांगत असे. गावातल्या एका साप्ताहिकात माझ्या दोन कविता छापून आल्या होत्या. (त्यातली एक चुकून दुसऱ्याच्याच नावावर आली, पण मोजताना मी दोन्ही धरतो.) एवढ्या भांडवलावर आमच्या हौशी नाटक मंडळीनं मला पदं लिहायला बसवलं. माघातल्या गणेशजयंतीला नवं संगीत नाटक उभं करायचं होतं. बाकीची पदं मंडळीचे चालक बाबूराव यांनी स्वतःच पाडली होती. हे बाबूराव कचेरीपुढे बसून लोकांचे अर्ज लिहीत, त्यामुळे त्यांची नायिकासुद्धा देवाला 'मेहेरबान' म्हणून हाक मारायची. तिसऱ्या अंकात नायिकेला नवऱ्याचा संशय येतो आणि ती गाते, एवढं एक पद त्यांनी माझ्यासाठी ठेवलं.

पहिली ओळ मला आंघोळ करताना सुचली. 'खरे सांग नाथा, मनी काय आहे.' मी ओल्या अंगानंच बाहेर येऊन ती भिंतीवर कोळशानं लिहून ठेवली. त्यानंतर सतरा दिवस दुसरी ओळ आलीच नाही!

मी काय केलं नाही? वडाळीच्या तलावावर जाऊन बसलो. तिथं डासांशिवाय काही आलं नाही. रिकाम्या पोटी बसलो, भरल्या पोटी बसलो. उलट्या टोकानं सुरुवात करावी म्हणून आहे, पाहे, राहे, वाहे अशी यमकं मांडून त्यांच्यामागे ओळ जोडायला गेलो, तर यमकं तेवढी रांगेत उभी राहिली आणि ओळ काही येईना. माझी धाकटी बहीण कमल नुकतीच मॅट्रिक झाली होती आणि त्यामुळे फार स्पष्ट बोलायची. चुलीवर दूध उतू जात होतं तेव्हा ती म्हणाली, "दादा, लिही, 'उतू दूध चूलीवरी जात आहे.' मात्रा बरोबर बसतात." मात्रा खरंच बरोबर बसत होत्या, याचं मला जास्त वाईट वाटलं. तिकडे नायिकेचं काम करणारा पोस्टातला कारकून हटून बसला होता. गाणं हातात पडल्याशिवाय मिशी काढणार नाही, असं त्यानं सर्वांसमक्ष सांगितलं होतं. तालमीत ती मिशीवाली नायिका माझ्याकडे रोखून बघे तेव्हा मी खांबाआड सरके.

शेवटी बाबूरावांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुमचं लगन झालं नाई, तुमाले संशय काय माईत? एखाद्या भरल्या घरात डोकवा. सासू कशी बोलते, सासरा कसा खाकरते, नवरा कवा बाहीर जाते, सारं वहीत टिपून घ्या. ओळ आपल्या पायानं चालत येईन."

हा सल्ला मी मनाशी गाठ मारून ठेवला, आणि नेमकं त्याच आठवड्यात तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मला अकोल्याला जायला सांगितलं.

कमलचं लग्न अकोल्याच्या चिंचोळकरांकडे ठरत आलं होतं. मुलगा माधव, कचेरीत कारकून. स्थळ सुचवलं होतं आमच्या मावशीनं. तिचं घर चिंचोळकरांच्या बरोबर समोर. मुलगी पाहून झाली होती, पसंती आली होती. आता मी कमलची पत्रिका नेऊन द्यायची, त्यांचे जोशी ती जुळवून बघेपर्यंत दोन-तीन दिवस मावशीकडे थांबायचं, आणि होकार घेऊन परत यायचं. काम पोस्टमनचं होतं. पण तात्यांनी मला समोर बसवून एक गोष्ट तीनदा बजावली: काही झालं तरी तिथं चौकशी करायची नाही.

इथं चौकशी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या वऱ्हाडात सोयरीक करण्याआधी मुलीकडचा एखादा माणूस गुपचूप त्या गावी जाई. तो न्हाव्याजवळ बसे, गवळ्याशी बोले, परटाला विडी देई आणि घराची अंडीपिल्ली काढून आणी. सगळेच करायचे, आणि कुणीच कबूल करायचं नाही, अशी रीत. पण माधवचे वडील अप्पासाहेब यांना या गोष्टीची भयंकर चीड होती. वर्ध्याच्या एका माणसानं म्हणे त्यांच्या परटाला विचारलं होतं की अप्पासाहेबांच्या धोतरांपैकी ठिगळाची किती. अप्पासाहेबांनी ते स्थळ तर मोडलंच, परीटही बदलला. त्यानंतर यवतमाळचं एक स्थळ गवळ्यापायी गेलं.

मी निघालो तेव्हा कमल दारापर्यंत आली. ती सहसा कुणाची मनधरणी करत नसे. पण तेव्हा हळूच म्हणाली, "आजवर पाच जण पाहून गेले, दादा. कोणी म्हणे चालून दाखव, कोणी म्हणे सुईत दोरा ओव. यानं इचारलं, काय वाचता. हे मोडू नको." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, मी कशाला मोडीन, मी तर तोंडसुद्धा उघडणार नाही. आणि मी वही खिशात घालून बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली.

अकोल्यात कापसाचे दिवस होते. गाड्यांची रांग लागलेली, हवेत कापूस उडत होता, झाडाझुडपांना, बैलांच्या शिंगांना, सगळ्यांना त्याचे पांढरे पुंजके चिकटलेले. तसाच पांढरा होऊन मी अप्पासाहेबांच्या बैठकीत गेलो आणि पत्रिका पुढे ठेवली. अप्पासाहेब अंगानं थोराड, बोलणं वकिलासारखं. (वकील नव्हते; कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते.) त्यांनी तपकीर ओढली आणि थेट विचारलं, "आमची चौकशी केली काय?"

"नाही," मी म्हणालो.

"काहून नाई केली?"

याचं उत्तर तात्यांनी मला पढवलं नव्हतं. मी नुसता हसलो. अप्पासाहेबांनी मान तिरकी करून मला असं न्याहाळलं, की हसणं कुठं ठेवावं ते मला कळेना. मागे दाराशी माधव उभा होता. सडपातळ, गोरा, मिशी अगदी साफ उतरवलेली. त्यानं मला नमस्कार केला आणि लगेच आत गेला. मला तो मुखदुर्बळ वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीच्या ओट्यावर वही घेऊन बसलो. आता बघा, माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं. ओटा उन्हाचा होता आणि समोर बाबूरावांनी सांगितलं तसं भरलं घर होतं, ते चिंचोळकरांचं होतं याला माझा इलाज नव्हता! मी नाटकातली पात्रं आधी नीट मांडून घेतली. 'सासरा: लोभी, वरून करारी. सासू: कजाग, पण चारचौघांत गोड. नवरा: गप्प. रोज कुठे जातो?' मग समोर पाहिलं. अप्पासाहेब खाकरले. मी लिहिलं, 'सासरा खाकरतो.' त्यांनी वर पाहिलं. मी मान खाली घातली. ते आत गेले. मी लिहिलं, 'सासरा आत जातो.'

तेवढ्यात गणपत न्हावी माझी दाढी करायला आला. हा त्या आळीतल्या सगळ्यांच्या दाढ्या करी, अप्पासाहेबांचीही. बाबूरावांनी खऱ्या माणसांचं बोलणं ऐका म्हणून सांगितलंच होतं. तेव्हा साबण लावून झाल्यावर मी त्याला सहज विचारलं, की बाईला नवऱ्याचा संशय आला म्हणजे ती काय बोलते.

गणपतचा वस्तरा थांबला. "कोणती बाई?"

"कोणतीही. अशीच. घरातली."

गणपतनं सावकाश मागे वळून समोरच्या घराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "पोरीकडचे काय तुमी?"

मी म्हणालो, हो, पण मी चौकशीला आलेलो नाही. गणपत समजूतदारपणे हसला. चौकशीला आलेला प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच म्हणतो, हे त्यानं वीस वर्षं ऐकलं होतं. मी जीव तोडून सांगितलं की मी गाणं लिहितोय. त्यावर तो आणखीच खूश झाला. वाशीमचा माणूस बैल विकत घ्यायला आलो म्हणाला होता, खामगावचा पोट दुखतं म्हणून आला होता, पण गाणं हे काही त्यानं कधी ऐकलं नव्हतं. माझा एक गाल तसाच ठेवून तो तडक समोरच्या घरात गेला आणि मी साबणाच्या तोंडानं अर्धा तास तसाच बसलो.

दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळलं. मावशी कपाळाला हात लावून बसली. "तुले तात्यानं काय सांगतलं होतं? हा अप्पा मोठा इरसाल माणूस हाये. आता तो तुले रंगेहाथ पकडल्याबिगर राह्यत नाई." मी तिला वही दाखवली, नाटक समजावून सांगितलं. तिनं पहिलं पान वाचलं, 'सासरा लोभी' इथपर्यंत आली, वही मिटली आणि म्हणाली की हे तू जाळून टाक. पण कवीला वही जाळ म्हणणं सोपं आहे हो. त्यात माझी सतरा दिवसांची एक ओळ होती!

समोर मात्र विलक्षण बदल झाला. एरवी ज्या वाळत घालायच्या दोरीवर दोन धोतरं असत तिथं सात कोरी करकरीत धोतरं ओळीनं लटकली, सगळी माझ्याकडे तोंड करून. माधवच्या आई मोलकरणीला 'बाई गं, दमलीस का' असं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागल्या. (मोलकरीण त्या प्रश्नानं इतकी घाबरली की तिच्या हातून कळशी सुटली.) अप्पासाहेब भर दुपारी ओट्यावर बसून गीता वाचू लागले, आणि दर दोन श्लोकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघू लागले. मी शेंगा खायला तोंड हलवलं तरी ते थांबत. मला वही उघडायची हिंमत होईना, आणि मिटून ठेवली तर मी वहीत काय लपवतोय म्हणून ते आणखी वाकून बघत.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. मलाच संशय यायला लागला. हे लोक इतके चांगले का वागताहेत? कुठलंही घर इतकं चांगलं नसतं. आमचं तर नाहीच. ज्याच्या घरात लपवण्यासारखं काही नाही तो माणूस सात धोतरं कशाला वाळत घालील? आधी मी नाटकासाठी बघत होतो. आता कमलसाठी बघू लागलो. तिनं मला 'मोडू नको' म्हटलं होतं, ते खरं. पण उद्या ती या घरात गेली आणि काही निघालं, तर? दादा तीन दिवस समोर बसला होता आणि यमकं जुळवत होता, असं तिला आयुष्यभर वाटेल. मी खरंच फार बेचैन झालो.

तिसऱ्या दिवशी, साडेचारच्या सुमाराला मी मावशीच्या माडीवर होतो. तिथून चिंचोळकरांचं मागचं दार दिसे. दार किंचित उघडलं. माधवनं डोकं बाहेर काढलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि बाहेर पडला. काखेत एक गाठोडं होतं, पंच्यानं झाकलेलं. कचेरीतून घरी आलेला माणूस मागल्या दारानं गाठोडं घेऊन कुठं जातो? मी चपला हातात घेऊन जिना उतरलो आणि त्याच्या मागे निघालो.

तो भरभर चालत होता आणि मधूनच मागे बघत होता. त्यानं बघितलं की मी कापसाच्या गाडीआड जाई. एकदा गाडीच चालू लागली, तेव्हा मला तिच्याबरोबर उलट दिशेनं पन्नास पावलं जावं लागलं. शेवटी तो बाजारामागच्या एका रिकाम्या गोदामात शिरला आणि दार लावलं. मी थोडा वेळ थांबलो, मग दाराच्या फटीला डोळा लावला.

आत एक बाई पाठमोरी उभी होती. हिरवं लुगडं, अंबाड्यात फूल. एक हात कमरेवर, दुसरा हनुवटीशी. ती मान वेळावून कुणाला तरी म्हणाली, "जा बाई, मी नाही बोलायची!" आणि आतून पुरुष हसल्याचा आवाज आला.

मी दारापासून बाजूला झालो. शेजारी एक गाडी उभी होती तिच्या जुवावर मी बसलो. मला कमल दिसत होती, दारापर्यंत आलेली. 'यानं इचारलं, काय वाचता.' राग आला, रडूही आलं, आणि नेमकं त्याच वेळी, तुम्ही विश्वास ठेवा अगर नका ठेवू, दुसरी ओळ आली! दुसरी आली, तिच्यामागे तिसरी, चौथी. मी पेन्सिल थुंकीनं ओली करून लिहीत सुटलो. सतरा दिवस जी ओळ मी तलावावर शोधली ती माझ्या बहिणीचं वाटोळं होताना मला सापडली, आणि मला त्याचा आनंद झाला! इतका नालायक भाऊ अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. लिहून झाल्यावर मी स्वतःला चार शिव्या दिल्या, एका शब्दाची दुरुस्ती केली आणि घरी निघालो. वाटेत खिसा चाचपला तर वही नव्हती.

ती कुठं गेली ते सकाळी कळलं. मी माधवच्या मागे होतो, तसा गणपत न्हावी माझ्या मागे होता. त्याला अप्पासाहेबांनीच लावून दिलं होतं. जुवाखाली पडलेली वही त्यानं उचलून थेट त्यांच्या हातात दिली होती.

मला बोलावणं आलं. बैठकीत अप्पासाहेब बसले होते, मांडीवर माझी वही. गणपत कोपऱ्यात पुराव्यासारखा उभा. माधवच्या आई माजघराच्या दारात, आणि त्यांच्या मागे माधव. मावशी माझ्याबरोबर आली होती. ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

"जोशीबुवानं पत्रिका जुळली म्हणून सांगतलं," अप्पासाहेब म्हणाले. "बत्तीस गुण. आता हे तुमचे गुण पाहा." आणि ते वाचू लागले. "सासरा लोभी, वरून करारी. सासू कजाग, पण चारचौघांत गोड."

माधवच्या आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, त्या मोलकरणीचं नशीब माझ्यापेक्षा चांगलं.

मी म्हणालो, हे नाटकातलं आहे. अप्पासाहेब म्हणाले, मग 'सासरा खाकरतो' तेही नाटकातलं का? ते शांतपणे पान उलटत राहिले. हे लगन आता होत नाई, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण कागद पुरता वाचल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, अशी त्यांना नोकरीतली सवय होती. शेवटच्या पानावर ते आले आणि अर्ज वाचावा तशा सुरात वाचू लागले:

"खरे सांग नाथा, मनी काय आहे
तुझी सावली आज का दूर राहे
मघाशी निघालास मागील दारी..."

इथं ते थांबले. त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. मग पुन्हा वहीत पाहिलं.

"तुझी गाठडी सांग कोणास प्यारी
घरी गोड बोलून बाहेर जाशी
कुणाच्या मिठीची तुला ओढ खाशी."

माधवचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो बघून माझा तोल गेला. तात्यांचं बजावणं, मावशीचे डोळे, सगळं विसरून मी म्हणालो, लग्न मोडायचं असेल तर आम्हीच मोडतो, पण आधी तुमच्या मुलाला विचारा, काल बाजारामागच्या गोदामात हिरव्या लुगड्यातली बाई कोण होती.

अप्पासाहेबांचा हात तपकिरीच्या डबीवरच राहिला. पण पहिल्या बोलल्या त्या माधवच्या आई. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"हिरवं? काठाले लाल नक्षी होती काय?"

मी हो म्हणालो. त्या आत गेल्या. ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज आला आणि त्या परत आल्या. "माहं पैठणचं लुगडं. दोन महिन्यापासून सापडून नाई राहिलं. मी त्या बिचाऱ्या मोलकरणीवर आळ घेतला."

सगळ्यांनी माधवकडे पाहिलं. तो पुढे आला. त्यानं हात जोडले नाहीत की मान खाली घातली नाही.

"ती बाई मीच होतो," तो म्हणाला.

गोष्ट अशी निघाली, की अकोल्यातही एक हौशी मंडळी होती आणि माधव तिची नायिका होता. चार वर्षं! अप्पासाहेबांना नाटक म्हटलं की वीट, म्हणून तो मागल्या दारानं जाई, आईचं लुगडं नेई, गोदामात तालीम करी आणि दिवेलागणीला घरी येऊन रामरक्षा म्हणे. त्याची ती साफ उतरवलेली मिशी मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. आमच्या मंडळीत मिशीवरून एवढं रामायण चाललं असताना मला, एका पदकर्त्याला, तिचा अर्थ कळू नये!

अप्पासाहेबांनी वही मिटून मांडीवर ठेवली. ज्या माणसानं दोन स्थळं आपल्या घराची चौकशी केली म्हणून मोडली, त्याच्या घरातली गोष्ट त्यालाच परक्याच्या वहीतून कळली होती. मला त्यांची दया आली. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतला संशय गेला होता, आणि तो गेल्यावर ते एकदम म्हातारे दिसायला लागले होते.

"हे अमरावतीले सांगसान काय?" त्यांनी विचारलं.

मी काही म्हणायच्या आधीच माधव म्हणाला, "सांगा. तुमच्या बहिणीले सारं सांगा. तिले मी नायिका होतो हे आवडलं नाई तर तिनं नाई म्हणावं. लपवून लगन नको." मग थोडा घुटमळला. "आणि मास्तर, ते पद... आमच्या तिसऱ्या अंकात संशयाचं पद पाह्यजे होतं. एकदा म्हणून पाहू काय?"

अप्पासाहेबांनी वही त्याच्यापुढे केली. कदाचित नको म्हणायचं त्यांना सुचलं नसेल. माधवनं डोळे मिटले, हलकेच सूर धरला आणि गायला सुरुवात केली. काय सांगू तुम्हाला! 'मघाशी निघालास मागील दारी' म्हणताना त्यानं नुसती मान वळवली आणि माझ्या अंगावर काटा आला. माझं गाणं मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ते मला ओळखू येत नव्हतं. मावशीनं डोळ्यांना पदर लावला. माधवच्या आई म्हणाल्या की लुगडं तसंही त्याच्यावरच खुलतं. अप्पासाहेब खाकरले, पण आत गेले नाहीत. मी वहीतलं ते पान फाडून माधवच्या हातात दिलं. पोस्टातल्या कारकुनाची मिशी त्या वर्षी तशीच राहिली, आणि बाबूराव महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

अमरावतीला पोचल्यावर मी तात्यांना आणि कमलला पुढे बसवून काहीएक न लपवता सांगितलं. वही, न्हावी, सात धोतरं, गोदाम, सगळं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, की मी चौकशी केली नसती तर बरं झालं नसतं का. मी म्हणालो, मी केलीच नाही. त्यावर ते उठून बाहेर गेले.

कमल मात्र बसून राहिली. तिनं गाणं म्हणून दाखवायला सांगितलं. मी घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटलं, माधवनं घेतल्या होत्या त्या सगळ्या जागा घेत. मग तिनं, तो कसा उभा राहिला, बापासमोर 'ती बाई मीच' कसं म्हणाला, 'लपवून लगन नको' कसं म्हणाला, तेही पुन्हा एकदा सांगायला लावलं. तिचे डोळे भरून आले. मला धन्य वाटलं. सतरा दिवस तलावावरचे डास सोसले, पण माझ्या शब्दांनी माझी स्पष्टवक्ती बहीण रडली, कवीला आणखी काय हवं! मी हळूच विचारलं, "आवडलं?"

"हो म्हणून कळव त्यांना," ती डोळे पुसत म्हणाली. "गाणं यथातथाच हाये, दादा. पण तो निभावून नेईन."